पीसीसी कुणाचं, कुठून आणि कधी काढायचं? सीमाभागातल्या लोकांसाठी

कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरायला घेतला की सगळं लक्ष शिक्षणाच्या कागदांवर, इंग्रजीच्या परीक्षेवर आणि बँकेतल्या शिलकीवर असतं. पोलीस प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) म्हणतात ते, 'शेवटी काढू, पाचशे रुपयांचं तर काम' म्हणून मागं राहतं. मग ऐन मुदतीत त्याच कागदापाशी अर्ज अडतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तो जरा जास्तच अडतो, कारण आपल्याकडच्या माणसाचं आयुष्य एका राज्याच्या कागदांत मावत नाही. जन्म खानापूर तालुक्यातला, कॉलेज कोल्हापुरात, नोकरी पुण्यात, मधली काही वर्षं दुबईत आणि सासर गडहिंग्लजला. पोलीस प्रमाणपत्राला नेमकं हेच हवं असतं: हा माणूस कुठं कुठं राहिला, कुठल्या नावानं राहिला आणि तिथल्या पोलिसांकडं त्याच्या नावावर काही आहे का. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की संकेतस्थळ उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि गेल्या दहा वर्षांत महिन्यावार कुठं राहिलात ते लिहून काढा. पुढचं सगळं त्या कागदावरून ठरतं.

कुठल्या दारात जायचं

पहिला घोळ इथंच होतो. बरेच जण सरळ गावच्या पोलीस स्टेशनला जातात आणि 'मला पोलीस सर्टिफिकेट पाहिजे' म्हणतात. तिथून किंवा कर्नाटकच्या सेवा सिंधू पोर्टलवरून मिळणारं पोलीस व्हेरिफिकेशन वेगळं असतं. गोव्यातलं हॉटेल, बेंगळुरूतली कंपनी, सिक्युरिटी एजन्सी अशा ठिकाणच्या नोकरीसाठी ते चालतं. पुण्यात राहणाऱ्याला महाराष्ट्र पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही त्याच जातीचा. परदेशात स्थायिक होण्यासाठी, दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी किंवा तिथल्या नोकरीसाठी भारतीय नागरिकाला जे पीसीसी लागतं ते पासपोर्ट कार्यालय देतं. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर करायचा आणि फी ५०० रुपये. निव्वळ फिरायला जाणाऱ्याला हे प्रमाणपत्र दिलं जात नाही.

पूर्वी या कामासाठी आपल्या लोकांना हुबळी गाठावी लागायची. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीपासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घ्यायला सुरुवात झाली, त्यामुळं बेळगावच्या टपाल कार्यालयातल्या केंद्राची अपॉइंटमेंट मिळाली की काम गावातच होतं. आपला जिल्हा बेंगळुरूच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, कोल्हापूरकर पुण्याच्या आणि गोवेकर पणजीच्या. जुना पासपोर्ट यांपैकी कुठूनही काढलेला असला तरी बिघडत नाही. पोलिसांची चौकशी होते ती आज तुम्ही राहता त्या पत्त्यावर.

हातात पडणाऱ्या कागदावर काय छापलेलं असतं ते एकदा नीट वाचण्यासारखं आहे. त्यात साधारण असं म्हटलेलं असतं की अमुक क्रमांकाचा भारतीय पासपोर्ट असलेल्या या व्यक्तीविरुद्ध अशी कोणतीही प्रतिकूल माहिती नाही, जिच्यामुळं ती अमुक देशाच्या व्हिसासह प्रवासाच्या सुविधा मिळवायला अपात्र ठरेल. म्हणजे तुमचा पासपोर्ट क्रमांक आणि देशाचं नाव, दोन्ही त्या एकाच वाक्यात आले. कॅनडासाठी काढलेलं पीसीसी ऑस्ट्रेलियाच्या अर्जाला लावता येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी. आणि पासपोर्टची मुदत सात-आठ महिन्यांवर आली असेल तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा, पीसीसी त्यानंतर. उलटं केलंत तर प्रमाणपत्रावर जुना क्रमांक आणि अर्जावर नवा, अशी विसंगती होऊन बसते.

कुठला देश काय मागतो

प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे आणि शेजाऱ्याच्या मुलानं काय केलं त्यावरून आपलं ठरवणं धोक्याचं.

कॅनडाच्या कायमच्या वास्तव्याला, वयाची १८ वर्षं झाल्यानंतर आणि गेल्या १० वर्षांत जिथं सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात अशा प्रत्येक देशाचं प्रमाणपत्र लागतं. सध्या जिथं राहता त्या देशाचं प्रमाणपत्र अर्जाच्या तारखेआधीच्या ६ महिन्यांतलं हवं. बाकीच्या देशांचं, तिथलं तुमचं शेवटचं वास्तव्य संपल्यानंतर काढलेलं हवं. नवरा-बायको आणि १८ वर्षांवरची अवलंबून असलेली मुलं सोबत येणार नसली तरी त्यांचीही प्रमाणपत्रं मागितली जातात. पुष्कळ जण हे विसरतात. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगार निवडण्याच्या कॅनडाच्या ऑनलाइन पद्धतीत, बोलावणं आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात.

ऑस्ट्रेलिया सलग राहण्याचं विचारत नाही, बेरीज विचारतो. १६ वर्षांनंतर आणि गेल्या १० वर्षांत एखाद्या देशात सगळं मिळून १२ महिने भरले की तिथलं प्रमाणपत्र आलंच. सैन्यात नोकरी केली असेल तर सेवेचे किंवा निवृत्तीचे कागदही लागतात, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात तशी घरं कमी नाहीत. न्यूझीलंडच्या रेसिडेन्सीला १७ वर्षांपुढच्यांना आपल्या नागरिकत्वाच्या देशाचं आणि १० वर्षांत १२ महिने किंवा जास्त राहिलेल्या देशांचं प्रमाणपत्र, तेही सादर करताना ६ महिन्यांच्या आतलं.

ब्रिटनचं वेगळं आहे. तिथं कामाच्या व्हिसावर जाणाऱ्या प्रत्येकाला हे मागत नाहीत. आरोग्य, शिक्षण, समाजसेवा अशा ठरावीक क्षेत्रांत जाणाऱ्यांना मागतात, आणि ते १८ वर्षांनंतर गेल्या १० वर्षांत १२ महिने किंवा जास्त काढलेल्या देशांचं. नर्सिंग करून तिकडं जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. शिकायला जाणाऱ्या मुलांकडून बहुतेक देश हे सुरुवातीला मागत नाहीत. दूतावासानं मागितलंच तर द्यायचं.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला हा नियम आहे आणि वरच्या वयाला सूट नाही. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, आता आई-वडिलांना बोलावतोय, अशी घरं बेळगावच्या टिळकवाडीत आणि शहापुरात बरीच सापडतील. 'ऐंशी वर्षांच्या आज्जीला कसलं पोलीस सर्टिफिकेट?' असा प्रश्न येतो. लागतंच, आज्जीलाही. नागरिकत्वाच्या देशात आणि सध्याच्या देशात ६ महिन्यांहून जास्त राहिला असाल, तर तिथलं प्रमाणपत्र. पूर्वी १२ महिने किंवा जास्त राहिलेल्या इतर देशांचं. आणि जिथं कधी अटक झाली असेल तिथलं, मग तिथं चारच दिवस राहिला असलात तरी.

आता तो कोरा कागद घ्या. समजा एका मुलीनं बेळगावात नर्सिंग पूर्ण केलं, २०१७ ते २०२० रियाधला काम केलं, वर्षभर खानापूरला घरी राहिली आणि २०२१ पासून दुबईत आहे. तिला कॅनडाला जायचंय. तिला तीन प्रमाणपत्रं लागतील. सौदीचं तिनं २०२० मध्ये निघून आल्यावर काढून ठेवलेलं असेल आणि परत तिथं राहायला गेली नसेल तर ते चालेल. भारताचं २०२१ मध्ये देश सोडल्यानंतरच्या तारखेचं हवं, आणि ते ती दुबईतल्या भारतीय वकिलातीमार्फत काढू शकते, बेळगावला यायची गरज नाही. दुबईचं मात्र ताजं, ६ महिन्यांतलं.

याउलट व्हीटीयूतून, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठातून, बाहेर पडलेला एक इंजिनिअर घ्या. कंपनीनं त्याला चार वेळा चार-चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलंय. कॅनडाच्या हिशेबानं जर्मनीचं प्रमाणपत्र लागत नाही, कारण एकाही खेपेला सलग ६ महिने झाले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या हिशेबानं १६ महिने झाले, म्हणजे लागतं. माणूस तोच आणि पासपोर्टवरचे शिक्केही तेच, पण उत्तर वेगळं. म्हणून जुने पासपोर्ट रद्द झाले म्हणून फेकू नका, शिक्क्यांवरूनच ही बेरीज मांडता येते.

आखातात राहून आलेल्यांसाठी

आखातातली प्रमाणपत्रं तिथं असतानाच काढावीत, असं मी प्रत्येकाला सांगतो. अमिरातीत ओळखपत्र चालू असेल तर हे काम तिथल्या पोलिसांच्या अ‍ॅपवरून होतं. एकदा व्हिसा रद्द होऊन माणूस घरी आला की बोटांचे ठसे, त्यांचं प्रमाणीकरण आणि दूतावासाचे शिक्के असा लांबचा रस्ता सुरू होतो. सौदीच्या बाबतीतही ठशांचा प्रश्न येतो. पाच वर्षांनी कॅनडाचा विचार मनात येईल की नाही हे आज माहीत नसतं, हे खरं. पण निघताना एक प्रमाणपत्र सोबत आणायला फारसं काही लागत नाही.

इकाम्याची (सौदीतल्या रहिवासी परवान्याची) किंवा रेसिडेन्सी कार्डाची प्रत, व्हिसाचं पान आणि बाहेर पडल्याचा शिक्का यांचे फोटो काढून ठेवा. पुढं अर्ज करताना तिथलं खातं तुमची नोंद याच क्रमांकांवरून शोधतं. प्रमाणपत्र अरबीत आलं तर त्याचं प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. अमेरिकेत राहून आलेल्यांसाठी तिथली एफबीआय बोटांच्या ठशांवरून प्रमाणपत्र देते, ब्रिटनमध्ये राहिलेल्यांसाठी अ‍ॅक्रो नावाचं कार्यालय. यांना वेळ लागतो, म्हणून क्रम असा ठेवा की परदेशातली आधी मागवायची आणि भारतातलं नंतर. भारतातलं तुलनेनं लवकर होतं आणि कॅनडासारख्या देशाला ते ताजंच हवं असतं.

सगळे प्रयत्न करूनही एखादा देश प्रमाणपत्र देतच नसेल तर हताश होऊ नका. कॅनडा अशा वेळी स्पष्टीकरणाचं पत्र आणि प्रयत्न केल्याचे पुरावे मागतो. त्यामुळं पाठवलेले ईमेल, कुरिअरच्या पावत्या, आलेलं उत्तर, सगळं जपून ठेवा.

पत्ता: सगळ्यात जास्त इथंच चुकतं

बेळगावच्या केंद्रात जाताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या झेरॉक्स, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि परदेशाचं कारण दाखवणारा कागद न्यायचा. पुरावा म्हणून आधार, वीज बिल, बँकेचं पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. कारणाच्या कागदात नोकरीचा करार, दूतावासाचं पत्र किंवा इमिग्रेशनचं बोलावणं यांतलं काही. पासपोर्टच्या वेळची पोलीस चौकशी स्वच्छ असेल आणि पत्ता तोच असेल तर प्रमाणपत्र लवकर, कधी त्याच दिवशीही मिळतं. नाहीतर फाइल पोलिसांकडं जाते. शहराच्या हद्दीतली पोलीस आयुक्तालयाकडं, तालुक्यातली जिल्हा पोलीस अधीक्षकांमार्फत गावच्या स्टेशनला.

आता नेमकं काय होतं बघा. मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. अर्जात त्यानं सध्याचा पत्ता म्हणून खानापूरजवळच्या गावचा पत्ता दिलाय, कारण आधारवर तोच आहे आणि ओळखीचे पोलीसही तिथलेच. दहा-बारा दिवसांनी पोलीस घरी येतात. दारात आई.

"मावशी, हा इथंच राहतो काय?"

"न्हाई बाबा, पुण्याला असतोय. चार वर्सं झाली की. गणपतीला येतोय तेवढा."

आई खरंच बोलली. पोलिसानं जे ऐकलं तेच लिहिलं, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. फाइल परत गेली. आता पासपोर्ट कार्यालयाकडून खुलासा मागवला जाणार, नवा पत्ता द्यावा लागणार आणि चौकशी परत पहिल्यापासून पुण्यात होणार. कॅनडाच्या साठ दिवसांतले कितीतरी असेच गेले. यात आईचीही चूक नाही आणि पोलिसाचीही नाही.

म्हणून सध्या खरंच जिथं राहता तोच पत्ता द्या. पुण्यात भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला करार करून घ्या. घरमालक कुरकुरतात हे माहीत आहे, तरी घ्याच. आणि खरोखर गावी येऊन राहिला असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा की चौकशीला कुणी येईल. शेजारी आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही कल्पना द्या. स्टेशनमधून फोन आला तर स्वतः हजर राहा. चौकशीचे वेगळे पैसे नसतात, ५०० रुपये भरले तीच फी.

नाव, गाव आणि दोन भाषांचे कागद

रोटी-बेटी व्यवहार कधी सीमा मानत नाही. गडहिंग्लजची मुलगी निपाणीत येते, निपाणीची इचलकरंजीला जाते. लग्नात नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं, आणि कागद मात्र दोन राज्यांत विखुरलेले असतात. पीसीसीवर पासपोर्टवरचंच नाव येतं. म्हणून पासपोर्टवर जे नाव आहे तेच सगळ्या अर्जात असू द्या. लग्नानंतरचं नाव हवं असेल तर आधी पासपोर्ट बदलून घ्या. लग्नाआधी माहेरच्या नावानं दुबईत काम केलं असेल तर तिथलं प्रमाणपत्र त्या नावानं शोधलं जाईल, हे अर्जात स्पष्ट लिहा. इमिग्रेशनच्या फॉर्ममध्ये 'इतर नावं' अशी जागा असते. ती रिकामी सोडू नका. त्यात माहेरचं नाव, लग्नातलं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव आधी लिहिलेलं नाव, सगळं लिहा.

गावाच्या नावाचाही असाच प्रकार. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं. त्याआधीच्या पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या नावानं आहे, नव्यावर नव्या. त्यानं प्रमाणपत्र अडत नाही. पण परदेशाच्या फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा, स्वतःच्या मनानं सुधारू नका. वयस्क मंडळींच्या बाबतीत आणखी एक गुंता येतो. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. १९५० साली तिथं जन्मलेल्या आजोबांच्या जुन्या नोंदीत जिल्हा बेळगाव असतो आणि आजच्या कागदात कोल्हापूर. मुलानं अमेरिकेत अर्ज करताना दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते पुरेसं असतं.

नाडकचेरीचे (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाचे), ग्रामपंचायतीचे, जुन्या जन्मनोंदीचे कन्नड कागद परदेशात जसेच्या तसे चालत नाहीत. त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. पीसीसी मात्र इंग्रजीतच मिळतं. काही देश त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणही मागतात, विशेषतः युरोपातले. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, ते परराष्ट्र मंत्रालय करून देतं. अमिराती आणि कुवेत त्या करारात नाहीत, तिथं दूतावासाच्या प्रमाणीकरणाचा मार्ग आहे. प्रमाणपत्र स्कॅन करताना रंगीत आणि मूळ कागदावरून करा, झेरॉक्सवरून नाही.

नावावर केस असेल तर

याबद्दल आपल्याकडं फार भीती आहे आणि त्या भीतीपोटी लोक खोटं लिहितात. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

सीमाभागात कितीतरी सरळमार्गी तरुणांच्या नावावर सीमाप्रश्नाच्या, म्हणजे बेळगावसह मराठी भाग महाराष्ट्रात यावा या मागणीच्या, आंदोलनाच्या केसेस आहेत. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी, महामेळावा, गावाच्या 'महाराष्ट्र राज्य' फलकाचा वाद. येळ्ळूरच्या २०१४ च्या फलक प्रकरणातले खटले कितीतरी वर्षं चालत राहिले. यांतल्या गुन्ह्यांत बेकायदा जमाव, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम १४३, किंवा सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखायला हल्ला वा बळाचा वापर केल्याचं ३५३ अशी कलमं लागलेली असतात. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता, आता तीसचा आहे, नोकरी चांगली आहे, आणि पीसीसीच्या वेळी ते जुनं प्रकरण पुढं येतं.

आधी हे बघा की प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे. नुसता एफआयआर आणि कोर्टात चालू असलेला खटला यांत कायद्याच्या नजरेनं फरक आहे. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. २०१९ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट कार्यालयांना कळवलं की नुसता एफआयआर किंवा चालू तपास त्यात मोडत नाही, न्यायालयानं दखल घेतलेली असावी लागते. खटला असला तरी ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. पण पीसीसी म्हणजे पासपोर्ट नव्हे. पासपोर्ट हातात असला तरी पोलिसांच्या अहवालात प्रलंबित खटल्याची नोंद येऊ शकते आणि स्वच्छ प्रमाणपत्र अडू शकतं. शेतजमिनीचा दिवाणी दावा, भाऊबंदकीतला वाटणीचा खटला हे फौजदारी नव्हे. पण त्याच भांडणात एकमेकांवर मारहाणीच्या तक्रारी झाल्या असतील तर त्या मोजल्या जातात.

अर्ज करण्याआधी स्वतःच शोध घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. इंग्रजी नाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघा, कारण कोर्टाच्या नोंदीत कारकुनानं ऐकलं तसं नाव लिहिलेलं असतं. केस निकाली निघाली असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल आजच मागवा. निर्दोष सुटला असाल तरी नक्कल लागते, कारण निकालाची नोंद स्टेशनच्या दप्तरात झालेली नसेल तर अहवालात जुनीच माहिती येते. तपासाला आलेल्या पोलिसाच्या हातात ती नक्कल द्या. निकाल कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा, दूतावासालाही तेच द्यायचंय.

फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा. कॅनडाचा प्रश्न फक्त शिक्षा झाली का एवढाच नाही. अटक झाली होती का, आरोप ठेवला गेला होता का, हेही त्यात आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाचं खरं उत्तर 'होय' असतं, आणि खाली निकालाची नक्कल व दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण. तो मोर्चा कशाचा होता, कलमं कुठली, निकाल काय. सीमाप्रश्न काय आहे हे टोरोंटोतल्या अधिकाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही, साध्या शब्दांत सांगा. तो अधिकारी हे बघतो की तुमच्यावरचा आरोप त्याच्या देशाच्या कायद्यात गुन्हा ठरतो का आणि किती गंभीर. 'नाही' लिहिलंत आणि नंतर सापडलं तर कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी येते, ऑस्ट्रेलियातही अशा प्रकरणांत तीन वर्षांचा अडसर आहे. बेकायदा जमावाच्या केसनं जे बिघडलं नसतं ते या एका शब्दानं बिघडतं. एजंट म्हणेल 'लिहू नका, कुणाला कळणार?' त्याचं काही जात नाही, फॉर्मवर सही तुमची असते.

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस मात्र हलक्यात घेऊ नका. हेल्मेटचा दंड आणि ही केस यांत मोठं अंतर आहे. डिसेंबर २०१८ पासून कॅनडानं हा गुन्हा गंभीर गटात टाकलाय, आणि गोव्याहून येताना चोर्ला घाटाच्या नाक्यावर दंड भरून सुटलेल्याला हे ठाऊकही नसतं.

आणि कर्नाटकात लक्षात ठेवायची गोष्ट, रावडी शीट, म्हणजे उपद्रवी समजलेल्या लोकांची पोलिसांनी ठेवलेली यादी. निवडणुकीच्या किंवा आंदोलनाच्या काळात कुणाचं नाव त्या यादीत गेलं असेल तर सगळे खटले संपल्यावरही ते शीट उघडंच राहू शकतं. ते बंद करावं म्हणून शहरात पोलीस आयुक्तांकडं, तालुक्यात पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज करा, सोबत निकालांच्या नकला जोडा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडं जाता येतं. हे काम पीसीसीच्या अर्जाच्या कितीतरी आधी हाती घ्यावं लागतं, कारण त्याला साठ दिवसांची मुदत पुरत नाही.